नमुना सतरा

कच्छहून आलेल्या पोत्यात सत्तावीस दगड,
जुन्या गुजराती पेपरात गुंडाळलेले.
हत्तुरे मॅडम म्हणाल्या, उघड्या हाताने धरू नकोस,
तुझ्या बोटांचं तेल
पंधरा कोटी वर्षांपूर्वीच्या तेलात मिसळेल.
मी हातमोजे चढवले.
सकाळी शेंगाचटणी खाऊन आले होते.

खलात कुटले, चाळले.
आधी मिठाचं आम्ल: चुना फसफसून गेला.
मग ते दुसरं, काच खाणारं,
जे प्लास्टिकच्या बाटलीत असतं
आणि ज्याच्यापाशी मॅडम मला एकटीला सोडत नाहीत.
वाळू गेली, चिकणमाती गेली,
दगडाचं दगडपण गेलं.
तळाशी चिमूटभर गाळ.
जगलेलं तेवढं विरघळत नाही, मॅडम म्हणाल्या,
आणि घड्याळ बघून डबा खायला गेल्या.

काचपट्टीवर थेंब, वर झाकण.
सूक्ष्मदर्शकात नेच्यांचे बीजाणू,
तीन रेघांची खूण पाठीवर,
फूल नावाची गोष्ट अजून कुणाला सुचली नव्हती
तेव्हा समुद्रात वाहून आलेले.
त्यांचा रंग बघायचा. रंग म्हणजे ताप.
वीस नंबर पिवळा, हळदीच्या पाण्याएवढा: कच्चा.
अठरा केशरी, तेल सुटू की नको अशा बेतात.
सतरा
काळा.
तीनदा पट्टी केली. तीनदा काळा.

रात्री मोबाईलवर फोटो नायनाला दाखवले.
एकतीस वर्षं मिलच्या रंगखात्यात,
सुताची लड वाफेतून वर आली की
काटा न बघता सांगायचा: अजून पाच मिनिटं.
नखांच्या मुळाशी अजून निळं आहे,
मिलच्या जागेवर आता लग्नाचं लॉन आहे.
त्याने चष्मा कपाळावर सरकवला,
वीसवर बोट ठेवलं, हे घातलं नि काढलं.
अठरा, हे बरं आहे.
सतरावर थांबला.
हे हौदात राहून गेलं गं.
कुणाचं तरी लक्ष नव्हतं.

मॅडमना सांगितलं तर हसल्या, नकाशा पसरला.
सतरा जिथून उचलला तिथून दोन हातांवर
काळ्या कातळाची उभी भिंत, गाळाला चिरत वर आलेली.
लाव्हा. बाकीचे लांब होते, वाचले.
मग चपलेने शहाबादी फरशीवर टकटक केलं:
त्याच आगीचं भावंड.
फरशीखाली मुरूम, मुरमाखाली तो,
किल्ल्याच्या तटात तो, आपल्या विहिरीत तो,
सबंध सोलापूर त्याच्या निवलेल्या पाठीवर बसलंय.

म्हणजे ज्याने ते जाळलं
त्याच्यावरच बसून मी ते धुतेय.
त्या दिवशी पायात चपला असून
तळवे भाजल्यासारखे वाटले. मे महिना होता, चव्वेचाळीस अंश,
तेही असेल.

दगड एकच आकडा धरून ठेवतो,
सगळ्यांत जास्त तापला तो.
नंतरचे थंडावे, पाऊस, बर्फ पडला असेल तर तेही,
त्याच्या हिशेबात नाही.
आणि केव्हा, हे रंग सांगत नाही.
नायनाच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत
चकचकीत कातडी आहे, केस नसलेली.
आई म्हणायची, बॉयलर. तो म्हणतो, होतं कधीतरी.

दगडी पायरीवर तो रात्री दहापर्यंत बसतो,
पायरी दिवसाचं ऊन सोडत असते.
काल विचारलं त्याने,
काळं झालं त्यातलं तेल कुठं गेलं मग?
मॅडमना विचारून सांगते म्हटलं.
विचारलं.
त्या म्हणाल्या, वायू झालं, फटीतून निघून गेलं,
आत नुसता कोळसा राहतो, त्याला चमक फार छान येते.
रजिस्टरमध्ये मी लिहिलं: सतरा, अतिपक्व.
नायनाला अजून सांगितलेलं नाही.